हिरव्या रंगाचा अर्थ लागायला ३० वर्षे

हॉर्सरॅडिश या तिखट कंदाच्या मुळातील पेरॉक्सिडेज या लोहयुक्त एन्झाइमचे द्रावण तपकिरी असते. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घातले की ते आधी हिरवे आणि मग लाल होते. लाल अवस्था किलिन आणि मान यांनी १९३७ मध्ये नोंदवली, तर हिरवी थिओरेल यांनी १९४१ मध्ये. पुढे हिरवीला कंपाउंड-१ आणि लालला कंपाउंड-२ म्हणू लागले.

ब्रिटन चान्स यांनी १९४०च्या दशकात दोन द्रावणे वेगाने मिसळून, प्रवाह थांबवून प्रकाशशोषण मोजायची पद्धत या एन्झाइमांसाठी वापरली. आजच्या स्टॉप्ड-फ्लो यंत्रात पहिले मोजमाप सुमारे १ मिलिसेकंदाला मिळते.

१९५२ मध्ये जॉर्ज यांनी दाखवले की मूळ फेरिक (लोह +३ असलेल्या) एन्झाइमच्या तुलनेत कंपाउंड-२ मध्ये एक इलेक्ट्रॉन कमी आहे, कंपाउंड-१ मध्ये दोन. म्यॉसबाउअर वर्णपटात (गॅमा किरणांनी लोहाची अवस्था ओळखण्याच्या पद्धतीत) मात्र दोन्हींतले लोह +४ च निघाले. मग दुसरा इलेक्ट्रॉन गेला कुठून? लोहाभोवतीच्या पॉर्फिरिन या सेंद्रिय वलयातून, असे डॉल्फिन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये कोबाल्ट पॉर्फिरिनच्या वर्णपटांशी तुलना करून मांडले. यीस्टच्या सायटोक्रोम सी पेरॉक्सिडेजमध्ये तो ट्रिप्टोफॅन-१९१ या अमिनो आम्लातून जातो, म्हणून ती अवस्था हिरवी नव्हे, लाल दिसते. नुसत्या रंगावर विसंबू नये ते यासाठीच.

हॉर्सरॅडिशच्या एन्झाइमचा ४०३ नॅनोमीटरचा सोरे पट्टा (पॉर्फिरिनचा सर्वांत ठळक शोषणपट्टा) कंपाउंड-१ मध्ये जवळपास निम्म्यावर येतो आणि ६५० पाशी नवा पट्टा उगवतो. कंपाउंड-२ चे पट्टे ४२०, ५२७ आणि ५५५ ला असतात. पेरॉक्साइड एन्झाइमच्या रेणूस एक रेणू या प्रमाणातच घालावे. जास्त झाले तर कंपाउंड-३ (४१८, ५४६, ५८०) तयार होऊन मोजमाप बिघडते. पेरॉक्साइडच्या बाटलीवरच्या आकड्यापेक्षा २४० नॅनोमीटरचे शोषण मोजून त्याची सांद्रता काढणे बरे. त्यासाठी मोलर शोषण-गुणांक ४३.६ (प्रति मोलर प्रति सेंटिमीटर) धरतात. क्षपणक (इलेक्ट्रॉन देणारी) अशुद्धी असली की कंपाउंड-१ पाहता पाहता कंपाउंड-२ होते.

रामन वर्णपट (विखुरलेल्या प्रकाशावरून रेणूची कंपने पाहण्याची पद्धत) घेताना वापरलेल्या लेझरनेही तेच होते, म्हणून नमुना वाहता ठेवतात. स्फटिकाची रचना पाहताना क्ष-किरणांनी सुटणारे इलेक्ट्रॉनही हीमचे (लोह आणि पॉर्फिरिन मिळून झालेल्या गटाचे) क्षपण करतात. २००२ मध्ये बर्गलुंड आणि सहकाऱ्यांनी त्यावर उपाय केला: अनेक स्फटिकांना किरणांची थोडी थोडी मात्रा देऊन त्यांची मोजमापे जोडली.

पी-४५० या दुसऱ्या हीम-एन्झाइम कुटुंबाचे कंपाउंड-१ सर्वांत उशिरा हाती आले. २०१० मध्ये रिटल आणि ग्रीन यांनी कसून शुद्ध केलेल्या सीवायपी-११९ या पी-४५० एन्झाइममध्ये मेटा-क्लोरोपरबेंझोइक आम्ल मिसळून ते सुमारे ७५ टक्के मिळवले. पट्टे ३७० आणि ६९० ला होते, आणि झटक्यात गोठवलेल्या नमुन्यांवरच्या म्यॉसबाउअर मोजणीने ओळख पक्की केली.