मानव विकास निर्देशांक आणि हक्कांची पूर्तता: उत्पन्न कुठल्या पारड्यात?

मानव विकास निर्देशांकाची नवी यादी आली की ठरलेला खेळ सुरू होतो. देश दोन पायऱ्या वर गेला की ‘शिक्षण-आरोग्याचे हक्क लोकांपर्यंत पोचले’, खाली आला की ‘हक्कांची पायमल्ली’. त्या आकड्यावरून यातलं काहीच सांगता येत नाही. (क्रमांक तर दुसरा कोणी घसरला तरी वर जातो, पण तो राग पुन्हा कधी.)

निर्देशांक बहुतेकांना ठाऊक आहे: १९९० पासून निघतो, आयुर्मान, शालेय शिक्षण आणि दरडोई उत्पन्न यांची मिळून ० ते १ मधली एक संख्या. हक्कांच्या देखरेखीचं, म्हणजे सरकार लोकांचे हक्क कितपत पूर्ण करतं हे तपासण्याचं, मूळ मात्र आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. तो १९६६ साली मंजूर झाला, १९७६ पासून लागू आहे. सदस्य देश ठरावीक काळाने अहवाल देतात, १८ तज्ज्ञांची समिती तो तपासते. आरोग्य आणि शिक्षणाची आकडेवारी दोन्हीकडे वापरात येते, आणि तिथेच लोक फसतात.

खरी मेख उत्पन्नात आहे. कराराचं कलम २ सरकारला सांगतं की हाताशी असलेल्या साधनसंपत्तीचा कमाल वापर करून हे हक्क टप्प्याटप्प्याने पूर्ण करा. म्हणजे देशाने किती गाठलं याच्या जोडीला त्याला किती गाठता आलं असतं हेही विचारावं लागतं. निर्देशांक हा दुसरा प्रश्न विचारतच नाही. त्यात उत्पन्न हा गुण मिळवून देणारा विषय आहे: पैसा वाढला, गुण वाढले. हक्कांच्या हिशेबात तोच पैसा अपेक्षा वाढवतो.

एक उदाहरण घ्या, आकडे कल्पित आहेत. गरीब देशात शंभरातली ६० मुलं माध्यमिक शिक्षण पूर्ण करतात. तेवढ्या उत्पन्नावर आजवर कुठल्याही देशाला ६५ च्या वर जाता आलेलं नाही. श्रीमंत देशात ८५ मुलं पूर्ण करतात, पण त्याच्या उत्पन्नावर १०० गाठता येतात. गाठलेलं आणि गाठता येण्याजोगं यांच्या ढोबळ गुणोत्तराने पहिल्याची पूर्तता ९२ टक्के, दुसऱ्याची ८५. आता श्रीमंत देशाचं उत्पन्न तेवढंच ठेवा आणि गरीब देशाचं वाढवा. शाळेत मात्र एकही मूल जास्त टिकत नाही. निर्देशांकात गरीब देश वर चढेल, पूर्ततेच्या मापात खाली येईल. एकाच वर्षाच्या, एकाच माहितीवरून! विकास अर्थशास्त्रज्ञ साकिको फुकुदा-पार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला आर्थिक-सामाजिक हक्कपूर्तीचा निर्देशांक याच तत्त्वावर चालतो. माझी पसंती निःसंकोचपणे त्यालाच.

अर्थात तोही पुरेसा नाही. दरडोई उत्पन्न म्हणजे तिजोरीतला पैसा नव्हे. कर किती गोळा केला आणि कशावर खर्च केला हे अर्थसंकल्प उघडल्याशिवाय कळत नाही.

‘टप्प्याटप्प्याने’ ही पळवाट समजणाऱ्यांसाठी एवढंच: भेदभाव न करण्याचं बंधन पहिल्या दिवसापासून आहे. समिती कराराचा अर्थ उलगडणाऱ्या ‘सर्वसाधारण टिप्पण्या’ काढते. १९९० च्या तिसऱ्या टिप्पणीत तिने किमान गाभाही, म्हणजे प्रत्येक हक्काची निदान एवढी तरी पातळी हवी हे, ठरवून दिलं. देशातल्या लक्षणीय संख्येच्या लोकांना आवश्यक अन्न, प्राथमिक आरोग्यसेवा, निवारा किंवा अगदी पायाभूत शिक्षण मिळत नसेल, तर तो देश सकृद्दर्शनी करार पाळत नाही असं धरायचं. पैसा नव्हता म्हणणाऱ्या सरकारने, होता तेवढा आधी याच कामी लावण्याचा सर्वतोपरी प्रयत्न केला, हे दाखवायचं.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती सरकारी अहवालांतल्या योजनांच्या जंत्रीची. अमुक कायदा केला, तमुक अभियान राबवलं, इतके लाभार्थी. मानवी हक्कांचे निर्देशक तीन थरांत बघतात: कायदा-धोरणाची चौकट, अंमलबजावणीची प्रक्रिया आणि प्रत्यक्ष परिणाम. जंत्री पहिल्या दोन थरांतच दमते. तिसरा आकडा मिळालाच तर तो देशाच्या सरासरीचा असतो. सरासरी पुरेशी नाही, मागे पडलेले प्रदेश आणि समाजगट वेगळे दाखवा, हे समितीने १९८९ च्या पहिल्याच टिप्पणीत सांगून ठेवलंय. तरी अहवाल हाती आला की आधी तेच तक्ते शोधावे लागतात, आणि बहुतेकदा ते नसतात.