तपासणीचं वय ५० वरून ४५ वर का आलं?

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी पन्नाशीला सुरू करायची, हा अमेरिकेतला नियम वर्षानुवर्षं टिकला, कारण त्याला आधार होता. शौचाचे नमुने कार्डावर घ्यायचे, त्यावर रसायनाचे थेंब टाकायचे. निळा रंग उमटला तर रक्ताचा संशय. ५० ते ८० वयाच्या लोकांवरच्या एका मोठ्या चाचणीत ही तपासणी दरवर्षी केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३३ टक्क्यांनी घटले. ते निष्कर्ष १९९३ साली आले. पुढे कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बीण घालून आतडं आतून पाहणं, रुळलं.

२०१७ च्या एका विश्लेषणाने मात्र सगळ्यांना हादरवलं. १९९० च्या सुमारास जन्मलेल्यांना त्याच वयात १९५० च्या पिढीपेक्षा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका दुप्पट आणि गुदाशयाच्या कर्करोगाचा चौपट होता.

खरा वाद २०१८ चा. एका कर्करोग संस्थेने, घराण्यात हा आजार नसलेल्या आणि कसलीही लक्षणं नसलेल्यांसाठीही, तपासणीचं वय ४५ केलं. खास पन्नाशीच्या आतल्यांसाठी, १९९३ सारखी मृत्यू मोजणारी स्वतंत्र चाचणी झालेलीच नव्हती. सगळा भर तपासणीचा फायदा-तोटा गणिताने अजमावणाऱ्या संगणकी मॉडेलवर होता. २०१६ मध्ये सरकारी सल्लागार मंडळासमोर तीन मॉडेलं होती. त्यातल्या दोहोंचा कल ४५ कडे होता, तरी जादा फायदा किरकोळ म्हणून मंडळ ५० वरच थांबलं. दोन वर्षांनी तरुणांमधली वाढ गणितात धरली गेली आणि पारडं फिरलं. ‘पुरावा नसताना लाखो निरोगी माणसांच्या आतड्यात दुर्बीण घालायची का?’ हा आक्षेप रास्त होता. पण चाचणीचं उत्तर यायला दहा-पंधरा वर्षं लागली असती, आणि आजार तोवर थांबणार नव्हता. माझ्या मते निर्णय योग्यच होता.

अडचण पैशांची होती. विमा कंपन्यांना बांधून ठेवते ती सरकारी मंडळाची शिफारस, संस्थेची नव्हे. त्यामुळे २०१८ नंतरही ४६ वर्षांच्या माणसाला डॉक्टरने तपासणी सुचवली, तरी बिल त्याच्याच माथी येऊ शकत होतं. मे २०२१ मध्ये मंडळाने ४५ ते ४९ या गटासाठी शिफारशीची ‘बी’ श्रेणी दिली, म्हणजे सर्वांत वरच्या ‘ए’ च्या खालोखालची. ५० ते ७५ ची ‘ए’ तशीच राहिली, पण विम्यासाठी ‘बी’ पुरते. शौचतपासणीत दोष निघाल्यावरची कोलोनोस्कोपीही मोफतच हवी, हा खुलासा व्हायला २०२२ उजाडलं.

एकमत अजून नाहीच. २०२३ मध्ये डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेने ५० चाच आग्रह धरला. ऑस्ट्रेलियात मात्र जुलै २०२४ पासून ४५ ते ४९ वयाचे लोक घरी करायच्या तपासणीचा संच मागवू शकतात.