अपटाइम वेगळा, अव्हेलेबिलिटी वेगळी

महिन्याच्या रिपोर्टात पुन्हा तेच वाक्य: ‘राउटरचा अपटाइम २१२ दिवस, सबब अव्हेलेबिलिटी १०० टक्के.’ यातून डबा, म्हणजे राउटर, २१२ दिवस रीबूट झाला नाही एवढंच कळतं. अव्हेलेबिलिटी म्हणजे तो किती वेळ वापरता आला. मधे सहा तास फायबर तुटलेली असली, तर तेवढा वेळ शाखेला त्या डब्याचा उपयोग शून्य. अपटाइमला त्याचा पत्ताही नसतो.

ती मोजायला पिंग, म्हणजे नेटवर्कवरून डब्याला ‘आहेस का?’ विचारणं, सगळ्यांना येतं. दर मिनिटाला एक, लागोपाठ तीन चुकले की ‘बंद’. फक्त बंदची वेळ पहिल्या चुकलेल्या पिंगपासून लिहा, तिसऱ्यापासून नको. ९९.९ टक्के अव्हेलेबिलिटी म्हणजे ३० दिवसांत फक्त ४३ मिनिटं बंद. तिथे दोन मिनिटंही मोजावी लागतात.

खरी गंमत पिंग आणि अपटाइम हे दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यावर कळते. समजा २:१० नंतर पिंग गेलं आणि २:३१ ला परत आलं. लगेच एसएनएमपीने (नेटवर्कवरून डब्याची माहिती विचारायची ठरलेली पद्धत) सिस-अपटाइम, म्हणजे डब्याने सांगितलेला अपटाइम, वाचा. तीन मिनिटं दिसली तर डबा २:२८ च्या सुमारास नव्याने उठलाय: वीज गेली, नाहीतर तो स्वतःच कोसळला. यूपीएस बघा. २१२ दिवसच दिसले तर राउटरला हात लावू नका, वाट तुटली होती. लिंकवाल्याला फोन करा. नुसत्या पिंगच्या लॉगमध्ये या दोन्ही घटना हुबेहूब सारख्या दिसतात.

मात्र सिस-अपटाइमवर आंधळा विश्वास नको. तो सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतो, ३२ बिटांत. त्यामुळे ४९७ दिवस आणि अडीच तासांच्या आत-बाहेर आकडा भरतो, तो पुन्हा शून्यावर येतो आणि सोळा महिने न हललेला स्विच ‘रात्री रीबूट झाला’ म्हणून लॉगमध्ये चढतो. आधीचं वाचन ४९७ दिवसांना टेकलेलं आणि पिंग एकही चुकलेलं नाही, तर ते रीबूट नव्हे. एसएनएमपीचाच दुसरा आकडा, एसएनएमपी-इंजिन-टाइम, मिळत असेल तर तोच घ्या. तो सेकंदांत मोजतो, ६८ वर्षं पुरतो. लिनक्सच्या डब्यांवर आणखी एक खोच: तिथे सिस-अपटाइम एसएनएमपी सर्व्हिसचा असतो, मशीनचा नाही. सर्व्हिस रीस्टार्ट केली की तो शून्य. मशीनचा हवा तर एचआर-सिस्टम-अपटाइम वाचा. (आणि ४९७ दिवस फर्मवेअर, म्हणजे डब्यातलं सॉफ्टवेअर, अपडेट नाही, ही मिरवायची गोष्ट नाही.)

या नोंदी साठवताना सरासरी ठेवू नका. दिवसाच्या सरासरीत वीस मिनिटांचा खोळंबा ९८.६ टक्के होऊन बसतो. किती वाजता, ते गेलं. दर मिनिटाची ओळही नको, एका डब्याच्या वर्षाला ५,२५,६०० ओळी होतात. स्थिती बदलली की एक ओळ: वेळ, डबा, चालू किंवा बंद, अपटाइम. सोबत पिंग करणाऱ्या मशीनची स्वतःची ‘मी जिवंत आहे’ नोंद दर मिनिटाला ताजी होऊ द्या. ती थांबली तर तेवढ्या काळापुढे ‘माहीत नाही’ लिहा, नाहीतर मॉनिटर बंद पडलेली रात्र सगळ्या डब्यांना १०० टक्के देऊन जाते.