ओटीचे फॉगिंग करून घेण्याआधी

(नागपुरातील धंतोली, रामदासपेठ आणि शहराच्या इतर भागांतील नर्सिंग होम, दंत दवाखाने व लहान प्रयोगशाळा चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

फॉगिंगमध्ये औषधाचे अतिसूक्ष्म थेंब आणि त्यातून सुटणारी वाफ बंद खोलीच्या हवेत भरली जाते. हवेत तरंगणारे आणि उघड्या पृष्ठभागांवर बसलेले जंतू त्याने मरतात. वाळलेल्या रक्ताखालचे, गादीच्या शिवणीतले, धुळीच्या थराखालचे जंतू मात्र वाचतात. म्हणून आमची पहिली अट ही की, आम्ही येण्याआधी ओटी (ऑपरेशन थिएटर) साबणाच्या पाण्याने धुऊन, पुसून कोरडी केलेली असावी.

हे पटत नसेल तर वाळलेल्या रक्ताच्या डागावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक थेंब टाकून पाहा. लगेच पांढरा फेस येतो आणि औषध जोरात काम करते आहे असे वाटते. खरे तर रक्तातले कॅटालेज हे एन्झाइम पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करून टाकत असते. जंतूपर्यंत पोचण्याआधीच औषध खर्ची पडते. नुसत्या हवेतल्या फवाऱ्यावर विसंबण्याची चूक जुनीच आहे: ब्रिटिश शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांनी १८७१ च्या सुमारास शस्त्रक्रियेच्या वेळी हवेत कार्बोलिक ॲसिड या जंतुनाशकाचा फवारा मारायला सुरुवात केली आणि १८९० मध्ये तो सोडून दिल्याचे स्वतःच जाहीर केले. हवेपेक्षा हात, हत्यारे आणि कापडावरून येणारा संसर्ग मोठा, हे तोवर ध्यानात आले होते.

फॉर्मलिन (फॉर्मल्डिहाइड वायूचे पाण्यातले द्रावण) आम्ही का वापरत नाही, हे अनेकजण विचारतात, कारण ते स्वस्त पडते. फॉर्मल्डिहाइडला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले गेले ते २००४ मध्ये. आमच्यासाठी तेवढे कारण पुरेसे आहे. शिवाय ते नागपूरच्या हवेला मानवत नाही. त्याला साधारण २० अंशांपेक्षा जास्त तापमान आणि ६०-७० टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते. डिसेंबरच्या थंड रात्री गॅस गार भिंतींवर पांढऱ्या भुकटीच्या रूपात बसतो आणि पुढे कित्येक दिवस त्यातून हळूहळू गॅस सुटत राहतो. सकाळी मावशी आत गेल्या की डोळे चुरचुरतात ते त्यामुळे. मे महिन्यात उलट अडचण: हवा इतकी कोरडी की गॅस असूनही जंतू पुरते मरत नाहीत. परमँगनेटवर फॉर्मलिन ओतण्याची जुनी पद्धत तर कृपया कोणीही करू नये. मिश्रण क्षणात उकळते, उडते, आगही लागू शकते.

आम्ही सिल्व्हर नायट्रेटने (चांदीच्या क्षाराने) स्थिर केलेले ११ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतो. मोजणी अशी: लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजून गुणाकार करायचा. १५ बाय १२ ची, १० फूट उंचीची ओटी म्हणजे १,८०० घनफूट. दर १,००० घनफुटांना १ लिटर तयार द्रावण, त्यात २०० मिली औषध आणि ८०० मिली डीएम (क्षार काढलेले) पाणी. या ओटीला ३६० मिली औषध आणि १,४४० मिली पाणी लागेल. तुमच्याकडच्या डब्यावर वेगळे प्रमाण छापले असेल तर डब्यावरचेच पाळा.

पाणी डीएमच हवे, यावर आम्ही अडून बसतो. बोअरच्या किंवा नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडशी चांदी संयोग पावते आणि द्रावण दुधाळ होते. तो दुधाळपणा म्हणजे वाया गेलेली चांदी. बोअरच्या जड पाण्याचे क्षार नोझलच्या भोकातही बसतात आणि मग फॉगरमधून धुके येण्याऐवजी शिंतोडे उडतात.

शिंतोड्यांनी काय बिघडते? दहा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब तीन मीटर उंचीवरून खाली यायला साधारण १७ मिनिटे घेतो. पन्नास मायक्रॉनचा ४० सेकंदांत फरशीवर. जड थेंब मशीनसमोरची फरशी ओली करतात, हवेत काही राहत नाही. म्हणून फॉगरच्या तोंडासमोर फूटभर अंतरावर आरसा किंवा काच धरून पाहावे: बारीक वाफेसारखा थर आला तर नोझल ठीक, ओघळ आले तर साफ करायला हवे.

आम्ही येण्याआधी एसी आणि एएचयू (ओटीत गाळलेली हवा सोडणारे यंत्र) बंद करा, डँपर म्हणजे हवेच्या नळीतली झडप लावून घ्या. कॉरिडॉरमधला कूलर हमखास विसरला जातो. तो चालू राहिला तर दाराखालच्या फटीतून बाहेरची हवा आत ढकलतो आणि आपले धुके पातळ होते. मॉनिटर, मायक्रोस्कोपच्या लेन्स, पितळी व तांब्याच्या वस्तू, खोके, कागद आणि चादरी बाहेर काढा. कापड आणि पुठ्ठा पेरॉक्साइड शोषून घेतात. धूर ओळखणारा सेन्सर झाकावा लागतो. झाकण काढल्याची नोंद रजिस्टरमध्ये सही घेऊन करावी, नाहीतर ते महिनोन्महिने तसेच राहते.

दाराच्या फटी टेपने बंद करून फॉगर कोपऱ्यात, छताच्या दिशेने तिरका ठेवतो. वरच्या मापाच्या ओटीला साधारण अर्धा तास फवारा आणि पुढे एक तास खोली बंद. उन्हाळ्यात थेंब भिंतीपर्यंत पोचण्याआधीच वाळतात, म्हणून आधी काही मिनिटे नुसते डीएम पाणी फवारतो. पावसाळ्यात उलट, आधी एसी चालवून ओल कमी करावी लागते, नाहीतर धुके पृष्ठभागांवर जमून ओघळते.

त्या वेळात आत कोणीही जायचे नाही. साधा मास्क किंवा एन-९५ पेरॉक्साइडची वाफ अडवत नाही. त्यासाठी योग्य कार्ट्रिजचा, डोळे झाकणारा रेस्पिरेटर लागतो. पेरॉक्साइडला उग्र वास नसल्यामुळे नाकावर विसंबून दार उघडू नये. आठ तासांच्या कामासाठी हवेतल्या पेरॉक्साइडची मर्यादा १ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) आहे. आम्ही मीटरवर पाहूनच खोली ताब्यात देतो. डोळ्यात थेंब गेला तर किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. हे औषध ब्लीच, फॉर्मलिन किंवा इतर कशातही मिसळू नका.

डबा सावलीत, उभा, हवा जाणाऱ्या मूळ झाकणासह ठेवा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिलेला डबा फुगतो, कारण आत ऑक्सिजन सुटत असतो. उरलेले पातळ द्रावण परत डब्यात ओतू नका. थोडीशी घाणही सगळे औषध निकामी करते.

परिणाम तपासण्यासाठी ९० मिमीची ब्लड अगार प्लेट (जंतू वाढवून पाहायची रक्तमिश्रित थाळी) जमिनीपासून एक मीटर वर, भिंतीपासून एक मीटर दूर, एक तास उघडी ठेवा. मग ३७ अंशांवर ४८ तास ठेवून तिच्यावर उगवलेले जंतूंचे ठिपके मोजा. एक प्लेट फॉगिंगच्या आधीची आणि एक नंतरची, दोन्ही हव्यात. एकट्या नंतरच्या आकड्यावरून काही ठरत नाही.

आणि दररोज फॉगिंगचा करार आमच्याकडे मागू नका. माणसे आत आली, दार उघडझाप झाले की हवेत जंतू पुन्हा येतात. त्यांना आवरायचे काम फिल्टरचे आणि खोलीतली हवा सतत बदलत राहण्याचे. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या २००८ च्या सूचनांतही रुग्णसेवेच्या जागी नेहमीचा नेम म्हणून फॉगिंग करू नये, असेच म्हटले आहे. ओटीत बांधकाम झाले, छत गळले, संसर्गाची केस झाली किंवा ती बरेच दिवस बंद होती, तर जरूर बोलवा.