गाडी ‘लो’ करायची? आधी टेप लावून मोजू

‘गाडी एक-दीड इंच खाली बसवून द्या’ असं सांगत बरेच ग्राहक येतात. खाली बसलेली गाडी देखणी दिसते, हे आम्हालाही मान्य आहे. पण पैसे खर्च करण्याआधी एवढं वाचाच.

कंपनी हॅचबॅकचा ग्राउंड क्लिअरन्स साधारण १६० ते १७० मिमी सांगते, तो बहुधा रिकाम्या गाडीचा. तुळजापूर-अक्कलकोटला निघताना मात्र आत पाच माणसं असतात आणि डिकीत सामान. त्यात सीएनजीची टाकी असेल तर मागची बाजू आधीच दबलेली. म्हणून घरची मंडळी बसवून, चाकांत हवा बरोबर ठेवून मोजा. चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) किंवा सायलेन्सरचा पाइप, जे सगळ्यात खाली असेल तिथपासून जमिनीपर्यंत टेप लावा. त्यातून ४० मिमी (म्हणजे साधारण दीड इंच) वजा केल्यावर उरतं ती गाडी लो केल्यानंतरची तुमची खरी उंची.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार गोल गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. एवढ्या रुंदीवर चाकं सावकाश चढतात, पोट घासत नाही. गल्लीबोळात लोकांनीच काँक्रीट ओतून केलेले गतिरोधक अरुंद आणि उभे असतात. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे आणि उंचवटा नेमका चेंबरखाली! चेंबर फुटून ऑइल गेलं आणि गाडी तशीच चालवली, तर इंजिन जाम होतं.

स्प्रिंग कापून किंवा गॅसने तापवून गाडी खाली आणायचं काम आम्ही करत नाही, कितीही आग्रह केला तरी. तापवलेल्या स्प्रिंगचा ताव जातो. कापलेली आपल्या जागेत नीट बसत नाही, खड्ड्यात सुटूही शकते. तयार लोअरिंग स्प्रिंग त्यापेक्षा बऱ्या, पण शॉकअपला दबायला जागा कमी उरते, मग मोठ्या खड्ड्यात सस्पेन्शन थेट बंप स्टॉपवर (शेवटी धक्का अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) आदळतं. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पुढचा लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी फार खाली नेली की तो उलटा चढतो आणि वळणावर बॉडी कलण्याचा जोर उलट वाढू शकतो. शिवाय कँबर-टो (चाकांचा कल आणि दिशा) बदलतात, अलाइनमेंट केलं नाही तर टायर आतल्या कडेने झिजतात.

पुणे हायवेला गाडी डोलते म्हणून लो करायची असेल, तर आधी शॉकअप आणि बुश तपासू द्या. पुष्कळदा दोष तिथेच सापडतो, आणि ते बदलणंच शहाणपणाचं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. अपघातानंतर विमा कंपनीही यावरून हरकत घेऊ शकते. आरटीओकडे चौकशी केल्याशिवाय आम्ही काम हाती घेत नाही.

मोजमापाचे पैसे घेत नाही. येताना डिकी रिकामी करू नका आणि रोज गाडीत बसतात ती माणसं सोबत आणा.