सनद, एआयबीई आणि सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस: आपल्याकडच्या वकिलांचे अर्ज नेमके कुठे अडकतात

गेल्या काही दिवसांत आमच्या कोकणातल्या बाररूममध्ये तिघांनी मला जवळजवळ सारखाच कागद दाखवला. सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिसचा, म्हणजे आपण खरंच वकिली करतो याच्या दाखल्याचा अर्ज, वर त्रुटी मारलेली, प्रॅक्टिसचा पुरावा अपुरा. तिघंही रोज कोर्टात उभे राहणारे, त्यातला एक तर सकाळी दहाला सगळ्यांच्या आधी येऊन बोर्ड बघणारा. आणि त्याच्या फाइलीत काय होतं, तर ऑनलाइन कोर्सची बारा सर्टिफिकिटं, पैसे भरून केलेली. कुणीतरी त्याला सांगितलेलं की आता वकिलांनाही डॉक्टरांसारखे पॉइंट गोळा करावे लागतात नाहीतर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, जाते.

तर आधी हेच सांगते. डॉक्टरांचं खरं आहे, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पाच वर्षांनी नूतनीकरण करताना ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्समध्ये वकिलाला वर्षाला १० पॉइंट करावे लागतात, इंग्लंडमध्ये सॉलिसिटरना वर्षाला १६ तासांची सक्ती होती ती २०१६ मध्ये काढून टाकली. आपल्याकडे मात्र सनद चालू ठेवायला अमुक तास शिका, तमुक पॉइंट आणा असा नियम नाही. अॅडव्होकेट्स अॅक्ट १९६१ मध्ये बार कौन्सिलने, म्हणजे वकिलांच्या नियामक मंडळाने, व्याख्यानं, परिसंवाद घ्यावेत एवढं आहे, ते कौन्सिलचं काम, तुमच्या नूतनीकरणाची अट नाही. शिकू नका असं मी अजिबात म्हणत नाहीये, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता, साक्ष्य अधिनियम लागू झाले तेव्हा आम्ही जुनी मंडळी पण वहीपेन घेऊन बसलो होतो. पण अर्जाला जोडायचा म्हणून कोर्स विकत घेत असाल तर ते पैसे ठेवा, पुढे नकला काढायला लागतील.

आता खरं काय लागतं ते.

सनद मिळवण्याचा भाग सरळ आहे, भारतीय नागरिक, २१ वर्षं पूर्ण, मान्यताप्राप्त विद्यापीठाची लॉ डिग्री, अर्ज बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे. फी बद्दल एक लक्षात ठेवा, ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम २४ मध्ये लिहिलंय त्याच्यापेक्षा जास्त एनरोलमेंट फी घेता येणार नाही, म्हणजे जनरलला ६०० आणि १५० मिळून ७५०, एससी एसटीला १२५, स्टॅम्प ड्युटी वेगळी. त्याच्या आधी देशात राज्याराज्यांत १५ हजारापासून ४२ हजारापर्यंत घेतले जात होते. आंबा कलमांवर घर चालवणाऱ्या बापाने मुलाच्या सनदेसाठी हातउसने घेतलेले मी बघितलेत, म्हणून हा निकाल मला फार जवळचा वाटतो.

सनद आली की घड्याळ सुरू होतं आणि पहिली चूक इथेच होते. जे २००९-१० च्या शैक्षणिक वर्षापासून पुढे लॉ पास झालेत त्यांना ऑल इंडिया बार एक्झामिनेशन, म्हणजे एआयबीई, द्यावीच लागते आणि सनदेपासून दोन वर्षांत पास व्हावी लागते. दोन वर्षं सनदेच्या तारखेपासून. डिग्रीच्या नाही, पहिल्यांदा परीक्षेला बसलात त्या दिवसापासून तर नाहीच नाही. मुलं म्हणतात दोन वर्षं म्हणजे चारपाच चान्स मिळतील. जरा मागच्या तारखा बघा, सतरावी परीक्षा ५ फेब्रुवारी २०२३, अठरावी १० डिसेंबर २०२३, एकोणिसावी २२ डिसेंबर २०२४, विसावी ३० नोव्हेंबर २०२५. म्हणजे ज्याला डिसेंबर २०२३ च्या मध्यावर सनद मिळाली त्याच्या दोन वर्षांत परीक्षा आल्या फक्त दोन, त्यातल्या एकीला ताप आला किंवा फॉर्मची तारीख हुकली की एकच उरली. फॉर्म परीक्षेच्या बराच आधी बंद होतो, परीक्षेची तारीख बघून निवांत बसू नका, फॉर्मची शेवटची तारीख वेगळी लिहून ठेवा. दोन वर्षं उलटली तर सनद रद्द होत नाही, पण पास होईपर्यंत प्रॅक्टिस थांबवावी लागते, आणि नवीन वकिलाची प्रॅक्टिस थांबली की आलेले दोनचार पक्षकार दुसरीकडे जातात ते परत येत नाहीत.

यावर एकच चांगला उपाय आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ही परीक्षा वैध ठरवली तेव्हाच म्हटलं होतं की शेवटच्या सेमिस्टरच्या मुलांना बसू द्यावं, आणि २०२४ च्या परीक्षेपासून तसं बसायला मिळालं. डिग्री मात्र नंतर पास व्हायला लागतेच. जमत असेल तर शेवटच्या सेमिस्टरलाच देऊन टाका, मग दोन वर्षांची टांगती तलवारच नाही.

परीक्षा अवघड नाही. १०० प्रश्न, साडेतीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, पास व्हायला जनरल ओबीसीला ४५ टक्के, एससी एसटी आणि दिव्यांगांना ४० टक्के. बेअर अॅक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर असलेली पुस्तकं, नेता येतात पण नोट्स नसलेले. मुलं तिथे कॉमेंटरीवाली जाडजूड पुस्तकं घेऊन जातात, नाहीतर मार्जिनमध्ये पेन्सिलीने लिहिलेला सिनियरचा बेअर अॅक्ट, आणि गेटवर काढून घेतात. नवीन, कोरे, नव्या कायद्यांचे अॅक्ट घ्या. सेंटर काही आपल्या तालुक्यात येत नाही, आपल्याकडच्या बहुतेकांना मुंबई नाहीतर पुणं गाठावं लागतं, तेव्हा परीक्षेच्या सकाळी तुतारी एक्स्प्रेसने दादरला उतरून थेट सेंटरवर जायचा बेत करू नका. गाडी लेट झाली म्हणून रडत परत आलेली मुलगी मी बघितलीय. एक दिवस आधी जा, कुणाकडे तरी राहा.

आता सगळ्यात मोठा घोळ. एआयबीई पास झालात की बार कौन्सिल ऑफ इंडियाकडून जो कागद येतो त्याला पण सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस म्हणतात, आणि वकिलांच्या व्हेरिफिकेशनच्या, म्हणजे पडताळणीच्या, २०१५ च्या नियमांखाली राज्याच्या बार कौन्सिलकडून जो घ्यायचा त्याचं पण नाव तेच. एकाच नावाचे दोन कागद ठेवले, मग लोक चुकणार नाहीत तर काय. पहिला आयुष्यात एकदाच, परीक्षा परत द्यायची नाही. दुसरा पाच वर्षांचा, दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एआयबीईचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून भिंतीवर लावलंय म्हणजे आपलं झालं, असं समजून बसलेले चाळिशीतले वकील आहेत आपल्याकडे, त्यांना वकिलांच्या मतदार यादीतून नाव गायब झाल्यावर कळतं. पाच वर्षं मोजताना त्या दुसऱ्या सर्टिफिकिटावरची तारीख धरा, सनदेवरची नाही, आणि मुदत संपायच्या आठवड्यात नाही, निदान सहा महिने आधी कामाला लागा.

या दुसऱ्या अर्जाला सनदेची प्रत, दहावी, बारावी, डिग्रीची मार्कलिस्टं, एआयबीईचं सर्टिफिकेट, फोटो, बार असोसिएशनचा दाखला असं सगळं लागतं, ते कुणालाही जमतं. डिग्री विद्यापीठाकडून तपासून घेतात, आणि १० एप्रिल २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाप्रमाणे विद्यापीठाने आणि बोर्डाने त्यासाठी फी घ्यायची नाही, कुणी मागितली तर आदेश दाखवा.

जमत नाही तो कागद म्हणजे प्रॅक्टिसचा पुरावा. दर वर्षाचं स्वतःच्या नावाचं वकीलपत्र, म्हणजे पक्षकाराने वकील नेमल्याचा कागद, किंवा हजेरी दाखवणारा कोर्टाचा कागद. आता तालुक्याच्या कोर्टात ज्युनियर काय करतो, सिनियरच्या मॅटरमध्ये उभा राहतो, तारीख घेतो, कधीकधी उलटतपास पण घेतो, पण वकीलपत्रावर सही आणि नाव सिनियरचं. पाच वर्षं राबून एका कागदावर नाव नाही. त्या तिघांतला एक मला म्हणाला, "मॅडम, वकीलपत्रार माझा नावच नाय, आता मी वकील न्हय काय?" मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. कौन्सिलमध्ये फॉर्म बनवणाऱ्यांनी एकदा तरी दोडामार्ग नाहीतर मंडणगडच्या कोर्टात येऊन बघावं की ज्युनियरची पाच वर्षं कशी जातात.

पण फॉर्म तसाच आहे तेव्हा मार्ग सांगते. आजपासून सिनियरला विनंती करा की नवीन वकीलपत्रावर खाली तुमचं नाव, सनद नंबर आणि सही असू दे. चांगला सिनियर नाही म्हणत नाही, लाजू नका. दाखल झालं की त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढा आणि वर्षाला निदान पाच मॅटरच्या सहीशिक्क्याच्या नकला काढून ठेवा, पाच वर्षांपूर्वीची निकाली फाइल रेकॉर्डरूममधून शोधून नक्कल मिळेपर्यंत मुदत निघून जाते. मागचं राहिलंय त्यांनी ई-कोर्ट्सच्या साइटवर वकिलाच्या नावाने आणि बार रजिस्ट्रेशन नंबरने शोधून बघा, जिथे तुमचं नाव केसला जोडलेलं आहे त्या केस सापडतात, मग त्यांच्या रोजनाम्याच्या, म्हणजे कोर्टाने दर तारखेला केलेल्या नोंदीच्या, नकला मागा, रोजनाम्यात हजेरी लिहिलेली असते. नावाचं स्पेलिंग दोनतीन प्रकारे टाकून बघा, क्लार्कने कसं टाइप केलंय सांगता येत नाही. त्या तिघांपैकी दोघांचं असंच निघालं, एकाचे तर अकरा रोजनामे मिळाले, ते त्याला माहीतच नव्हते. लीगल एडच्या पॅनेलवर असाल तर नेमणुकीची पत्रं पण जपून ठेवा, पॅनेलला तीन वर्षं प्रॅक्टिस लागते, आणि मध्यस्थीचं ४० तासांचं ट्रेनिंग केलं असेल तर ते मध्यस्थ म्हणून नेमणुकीला कामाचं, सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिसला नाही, हे पण मिसळू नका.

काही वर्षं खरंच कोर्टात नसाल, बाळंतपण, आईवडिलांचं आजारपण, तर ते खरं लिहा. बायका हे लपवतात आणि दुसऱ्याच्या जुन्या वकीलपत्रावर मागाहून नाव घालून घेतात. कृपा करून असं करू नका, खोट्या कागदावर अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम ३५ खाली शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, तीन वर्षांची गॅप त्यापेक्षा फार लहान गोष्ट आहे. आणि मध्ये बँकेत किंवा कंपनीत पगारी पूर्णवेळ नोकरी केली असेल तर तेव्हा सनद सस्पेंड करून घ्यायला हवी होती, ते केलं नसेल तर आधी ते कळवा, मग हा अर्ज.

नावाचा घोळ आपल्याकडे जरा जास्तच. आजोबा मुंबईला गिरणीत लागले तेव्हा गावावरून आडनाव लावलं, गावच्या शाळेत काकाने मूळ आडनाव घातलं, दहावीला एक, डिग्रीला दुसरं, लग्नानंतर तिसरं. नुसतं प्रतिज्ञापत्र कधी चालतं कधी परत येतं, म्हणून राजपत्रात बदल छापून घ्या, ऑनलाइन होतो, आणि अर्जाच्या आधी घ्या. तसंच पत्ता. कॉलेजच्या वेळी सनदेवर परळच्या चाळीचा पत्ता दिलेला, चाळ पडून टॉवर झाला आणि तुम्ही कणकवलीत, त्रुटीचं पत्र जाणार कुठे? गावी प्रॅक्टिस सुरू केलीत तर पत्ता आणि बार असोसिएशन बदलल्याचं कौन्सिलला लेखी कळवा.

१८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं, रत्नागिरी सिंधुदुर्गची मॅटर तिकडे गेली, म्हणून सनदेचं पण तिकडेच असं काही जण धरून चाललेत. बेंच वेगळं, बार कौन्सिल वेगळं. वकिलांचा रोल, म्हणजे नोंदणीची यादी, बार कौन्सिलकडे आणि कौन्सिलचं ऑफिस मुंबईत फोर्टला. सावंतवाडीहून म्हापशाला किंवा पणजीला प्रॅक्टिस हलवणाऱ्यांना मात्र रोल बदलावा लागत नाही, महाराष्ट्र आणि गोव्याचं कौन्सिल एकच आहे.

कागद पावसाळ्यात कपाटात ठेवू नका, आपल्या हवेत दोन पावसाळ्यांत वकीलपत्राच्या झेरॉक्सला बुरशी येते आणि शिक्का वाचता येत नाही. स्कॅन करून स्वतःला मेल करून ठेवा, मूळ नकला प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. अर्ज हाताने दिलात तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, पोस्टाने पाठवलात तर स्पीड पोस्टची पावती त्याच फोल्डरला लावा, आणि महिनाभरात काही कळलं नाही तर पोचेचा नंबर घालून लेखी विचारा, फोनवर "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच सांगतात.