एमबीए-एमएमएसची कॅप: पात्रता, कागदपत्रं आणि कुठे घोळ होतो

सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा, अभ्यास सगळे करतात, कागदपत्रांचा कोणी करत नाही, आणि सीट जाते ती बऱ्याचदा कागदांमुळेच. म्हणून परीक्षेबद्दल थोडक्यात सांगतो आणि बाकीचं नीट.

महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांच्या एमबीए आणि एमएमएसच्या (तीही मॅनेजमेंटचीच पदवी) अ‍ॅडमिशन राज्याच्या सीईटी सेलमार्फत कॅपने, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेने, होतात. जमनालाल बजाज, सिडनहॅम, पुणे विद्यापीठाचं पुम्बा ही कॉलेजं सगळी यातच येतात. पेपर कॉम्प्युटरवर, २०० प्रश्न, १५० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. निगेटिव्ह मार्किंग नाही त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका, शेवटची दोन मिनिटं उरलेल्या प्रश्नांवर क्लिक करायलाच ठेवा.

पात्रता सोपी आहे. कुठल्याही शाखेची किमान तीन वर्षांची पदवी, ५० टक्के, आणि महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्ग, ईडब्ल्यूएस व दिव्यांग उमेदवारांना ४५ टक्के. बीए, बीकॉम, बीई काहीही चालतं. शेवटच्या वर्षाला असाल तरी परीक्षा देता येते, फक्त अ‍ॅडमिशन घेताना निकाल दाखवावा लागतो. मार्कशीटवर टक्के नसून सीजीपीए असेल तर विद्यापीठाचं कन्व्हर्जन आधीच काढून ठेवा.

आता पहिला घोळ. सीईटीचा फॉर्म भरला म्हणजे अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरला असं नाही. रिझल्टनंतर कॅपचं रजिस्ट्रेशन वेगळं असतं, त्याची फी वेगळी, कागदपत्रं तिथे अपलोड करायची आणि ती तपासून घ्यायची, घरबसल्या ई-स्क्रुटिनीने किंवा सेंटरवर जाऊन. दरवर्षी कोणीतरी चांगले पर्सेंटाइल घेऊन कॉलेजच्या फोनची वाट बघत बसतं आणि इकडे तारीख निघून जाते.

कागदपत्रं: दहावी, बारावी, पदवीच्या मार्कशीट, शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला आणि डोमिसाइल. सोडल्याच्या दाखल्यावर राष्ट्रीयत्व भारतीय लिहिलंय का आणि जन्मठिकाण महाराष्ट्रातलं आहे का बघा, असेल तर बरंचसं काम त्यावरच भागतं. सीमाभागातल्या मुलांसाठी उमेदवारांचा वेगळा टाइप आहे, वादग्रस्त गावांमधून शिकलेले आणि मातृभाषा मराठी असलेले त्यात बसतात. बेळगाव, निपाणीकडच्या कितीतरी जणांना हे माहीतच नसतं.

राखीव प्रवर्गातून फॉर्म भरणाऱ्यांनी पुढचं नीट वाचा. नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि ते पडताळणी समितीकडून यायला महिने जाऊ शकतात. अर्ज केल्याच्या पावतीवर काही वेळा तात्पुरतं चालवून घेतात, पण ठरलेल्या तारखेपर्यंत मूळ प्रमाणपत्र दिलं नाही तर तुम्हाला ओपनमध्ये टाकतात. म्हणून माझं मत विचाराल तर क्लास लावायच्या आधी पडताळणीचा अर्ज टाका. ओबीसी, एसईबीसी, व्हीजेएनटी वगैरेंना नॉन-क्रिमिलेअरही पाहिजे आणि ते पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असायला हवं, मागच्या वर्षीचं संपलेलं घेऊन जाऊ नका. ईडब्ल्यूएसवाल्यांचंही तसंच, चालू वर्षाचा दाखला. आणि हो, आयआयएमच्या कॅट परीक्षेसाठी काढलेला केंद्राच्या नमुन्यातला दाखला इथे लावू नका, राज्याचा नमुना वेगळा आहे, तहसीलला अर्ज करतानाच सांगा कुठला हवाय ते.

मग तात्पुरती मेरिट लिस्ट लागते. नाव, प्रवर्ग, टक्के नीट बघा, चूक असेल तर तक्रारीची मुदत तेवढीच असते. अंतिम लिस्टनंतर ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीक्रमाने यादी. इथे लोक उगाच डोकं लावतात, की वरचं कॉलेज टाकलं आणि मिळालं नाही तर खालचंही जाईल. तसं काही होत नाही, सिस्टीम वरून खाली बघत येते आणि तुमच्या मेरिटला जे पहिलं बसेल ते देते, त्यामुळे मनातल्या पसंतीनेच क्रम लावा. फक्त ज्या कॉलेजात जायचंच नाही ते यादीत टाकू नका, कारण वरचा पर्याय लागला की सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, होते आणि मग पुढच्या राऊंडला जाता येत नाही. कितव्या राऊंडला कितवा पर्याय फ्रीझ होतो हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं, तेवढं पान तरी वाचाच.

सीट लागली तर अ‍ॅक्सेप्टन्स फी भरा, मग फ्रीझ किंवा बेटरमेंट, म्हणजे पुढच्या राऊंडला वरच्या कॉलेजासाठी थांबणं. बेटरमेंटमध्ये पुढे वरचं कॉलेज लागलं की आधीची सीट गेली, परत मागता येत नाही.

खासगी कॉलेजांत काही जागा इन्स्टिट्यूट लेव्हलच्या असतात, त्यांचा अर्ज थेट कॉलेजात. पण तिथून घेतलेल्या अ‍ॅडमिशनला सरकारी फी सवलत मिळत नाही. कॅपमधून आलात आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ओपनवाल्यांना राजर्षी शाहू योजनेत निम्मी ट्यूशन फी माफ होते, आणि २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना पूर्ण. त्याचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर वेगळा भरायचा आणि दुसऱ्या वर्षी रिन्यू करायचा, कॉलेज आपणहून करत नाही.